प्रेक्षकांचें गुणदान

सामना संपला कीं पंचांचा निकाल लागतो. प्रेक्षकांचा निकाल मात्र त्यानंतर सुरू होतो. अमक्या गड्यास दहांपैकीं आठ, तमक्यास पांच, आणि ज्याच्या हातून झेल सुटला त्यास शून्य! ही चाल मोठ्या क्रिकेटपटूंपुरती होती तोंपर्यंत तीविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. आतां ती खेड्यांतील कबड्डीच्या मैदानांवर व शाळांच्या सामन्यांतहि येऊन पोंचली आहे. म्हणून विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गुण देणें मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. जो गुण देतो त्यानें निदान सामना पाहिलेला असतो. आमची तक्रार निराळी आहे. डोळा ज्याच्यामागें धांवतो त्यालाच गुण मिळतात, आणि सांघिक खेळांत बरेंचसें काम डोळा जेथें नसतो तेथेंच होत असतें.

कबड्डीचेंच पाहा. प्रतिपक्षाचा गडी दम धरून चढाईस येतो. कोपऱ्यावरचा गडी झेप घेऊन त्याचा घोटा धरतो, टाळ्या पडतात, आणि पकड त्या घोटा धरणाऱ्याच्या नांवावर लिहिली जाते. पण त्याआधीं मधला एक गडी हळूच दोन पावलें पुढें सरकला होता, म्हणूनच चढाई करणाऱ्यास कोपऱ्याकडे वळावें लागलें. घोटा धरल्यावर तो मध्यरेषेकडे झेपावला, तेव्हां दोघांनीं साखळी न सोडतां त्यास अडविलें. साखळी तुटती तर तो रेषेस बोट लावून सुटला असता, आणि ज्यांचा त्यास स्पर्श झाला ते सारे बाद झाले असते. या तिघांच्या नांवावर काय लिहावें? प्रेक्षक म्हणतो, "यांनीं आज कांहींच केलें नाहीं; चार गुण!"

गेल्या हिवाळ्यांत एका गांवीं असे चार गुण मोठ्यानें पुकारलेले आम्हीं ऐकले. ज्याला ते मिळाले तो नववींतला मुलगा होता, आणि त्याचे वडील शेजारींच उभे होते. पुकारणाऱ्यास ते कांहीं बोलले नाहींत. "घरीं चाल," एवढेंच मुलास म्हणाले. नांवाजलेल्या खेळाडूस अशा बोलण्याची सवय असते, शिवाय खेळाबद्दल त्यास पैसाहि मिळतो. शाळकरी मुलास पांच-सहा वेळां चार गुण मिळाले कीं तो एक तर साखळी सोडून एकटाच झेपा घेऊं लागतो, नाहीं तर मैदानावर येणेंच सोडतो.

घाईनें दिलेला गुण कसा फसतो याचें उदाहरण आपल्या विदर्भाच्याच संघांत सांपडतें. 2025 सालच्या फेब्रुवारीअखेर नागपूरजवळ जामठ्यास केरळविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. विदर्भानें पार्थ रेखडे या गोलंदाजास सलामीला पाठविलें, आणि तो पहिल्याच षटकांत शून्यावर बाद झाला. त्या सकाळीं त्यास कोणी किती गुण दिले असते हें सांगावयास नको. तिसऱ्या दिवशीं केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 धावांवर पोंचला, आघाडी केरळकडे जाते कीं काय अशी वेळ आली. तेव्हां त्यास बाद केलें तें रेखडे यानेंच. विदर्भास पहिल्या डावांत 37 धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित राहिला, आणि त्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. सामन्याचा मानकरी दानिश मालेवार ठरला. त्याच्या 153 धावा होत्या, मान योग्यच होता. परंतु त्या 37 धावांत रेखडे याचा वाटा किती, हें दहांपैकीं गुण देऊन कोण सांगूं शकेल?

ऑस्ट्रेलियांत तेथला स्वतःचा एक फुटबॉल आहे; एका वेळीं दोहों बाजूंचे मिळून 36 गडी मैदानांत असतात. तेथेंहि प्रेक्षक सामन्यानंतर एकेकास गुण देत बसतात. परंतु 1924 सालापासून दिलें जाणारें जें ब्राउनलो पदक, त्याचे गुण प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच देतात, आणि तेहि तिघांनाच: 3, 2 व 1. बाकीच्यांविषयीं पंच बोलत नाहींत. कोणाच्याहि कपाळीं "दहांपैकीं दोन" लागत नाहीं. शिवाय ज्यास हंगामांत गैरवर्तनाबद्दल बंदीची शिक्षा झाली त्यास पदक मिळत नाहीं. 1997 सालीं क्रिस ग्रँट यास सर्वांत अधिक गुण पडूनहि तें मिळालें नाहीं. (पंचांचे डोळेहि चेंडूमागेंच धांवतात, पदक बहुधा मधल्या फळींतल्यांसच जातें. तरी प्रेक्षकांपेक्षां ते संयमी खरे.)

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांच्या सामन्यांत आंकडा पुकारूं नये, पुकारावयाचेंच तर काम पुकारावें: "साखळी कोणी धरली होती?" आणि शाळाशाळांच्या सामन्यांत गुणलेखकाच्या वहींत पकडीच्या रकान्याशेजारीं साखळींतल्या दुसऱ्या गड्याच्या नांवाचा एक रकाना वाढवावा. त्यास पट्टी आणि पेन्सिल एवढीच सामुग्री लागते.