खैरातीपलीकडचे चित्र

रमजान आला की आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी एक फोटो निघतो. मधोमध देणारे साहेब, त्यांच्या आजूबाजूला कार्यकर्ते, आणि अगदी कडेला ओढणीने तोंड झाकून उभी असलेली एखादी बाई. तिच्या हातात तांदूळ, साखर, तेल आणि खजुराची पिशवी. पिशवीवरही साहेबांचेच नाव. हा फोटो चौकात लागतो, मोबाइलवर फिरतो, आणि ‘माशाअल्लाह’ म्हणून आम्ही तो पुढे पाठवतो. गरिबीचे एवढे एकच चित्र आमच्या समाजाला मान्य आहे. आमचे भांडण या चित्राशी आहे.

देण्याला आमचा विरोध नाही. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला आज पिशवी हवीच. पण कुरआनने श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक’ सांगितला आहे, उपकार सांगितलेला नाही. देणे झाकून करावे, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हीच आपली शिकवण. मग ज्याला त्याचा हक मिळतो आहे त्याने तोंड का लपवावे? आम्ही हकाची खैरात केली आणि खैरातीची जाहिरात केली. त्या फोटोतला गरीब हा माणूस नसतो, देणाऱ्याच्या पुण्याचा पुरावा असतो.

आता दुसरे एक चित्र पाहू. साल १९४३, शहर कलकत्ता. तिथल्या सरकारी कलाशाळेत एक तरुण मास्तर शिकवत होता. वय २८. मैमनसिंग भागातल्या किशोरगंजचा, पोलीस खात्यात साधी नोकरी करणाऱ्या मुसलमान बापाचा मुलगा. नाव झैनुल आबेदिन. त्या वर्षी बंगालच्या खेड्यांतून भुकेलेली माणसे शहरात येऊन रस्त्यावर मरत होती. भात मागण्याचीही त्यांची हिंमत उरली नव्हती. ती दारोदार भाताची पेज मागत होती. झैनुल कागद घेऊन त्या रस्त्यांवर फिरला. कागद कसला, सामान बांधायचा स्वस्त कागद. रंग एकच, काळी शाई. त्याने काढले ते एवढेच: फुटपाथवर पडलेली आई आणि तिला बिलगलेले मूल, कचराकुंडीशी कुत्र्या-कावळ्यांबरोबर अन्न शोधणारी माणसे, मेलेल्याच्या अंगावर उतरलेला कावळा.

या चित्रांत देणारा कुठेच नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आमच्या मोहल्ल्यातला फोटो विचारतो, ‘कोणी दिले?’ झैनुलचे चित्र विचारते, ‘यांचा भात गेला कुठे?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला टाळ्या मिळतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला सरकारला आणि साठेबाजाला उभे राहावे लागते.

आणि त्या प्रश्नाला उत्तर होते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनारी बंगालातल्या होड्या काढून घेतल्या, तांदूळ उचलला. त्याच ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले. युद्धाच्या खर्चाने महागाई भडकली, व्यापाऱ्यांनी साठे केले, काही महिन्यांत तांदळाचा भाव दुपटीच्या वर गेला. शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी मात्र त्या वेगाने वाढली नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की १९४३ मध्ये बंगालात असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत हिरावली गेली होती. सरकारी चौकशी आयोगाने मेलेल्यांचा आकडा १५ लाखांच्या आसपास धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. याला आम्ही तकदीर म्हणायचे काय? देवाच्या नावावर माणसांचा गुन्हा खपवायचा काय?

त्याच दुष्काळात झैनुलच्याच वयाचा आणखी एक चित्रकार मेदिनीपूरची गावे पायी फिरत होता. तो चित्तप्रसाद. ब्राह्मणी आडनाव टाकून नुसत्या नावाने सही करणारा. त्याने चित्रे आणि मजकूर मिळून ‘हंग्री बेंगॉल’ नावाची पुस्तिका केली. सरकारने तिच्या ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. ज्यांच्याकडे तोफा होत्या ते कागदावरच्या काळ्या रेघांना भ्याले. पिशवी वाटल्याचा फोटो कोणत्या सरकारने कधी जाळला आहे? हा चित्तप्रसाद पुढे मुंबईत आला, अंधेरीत राहिला, आणि कामाला जुंपलेल्या मुलांची चित्रे लिनोवर कोरत राहिला. म्हणजे ही गोष्ट दूरच्या बंगालची म्हणून सोडून देता येणार नाही. ती आमच्या दाराशी येऊन राहिली होती, आम्ही ओळखली नाही.

ओळखणार तरी कशी? आम्ही भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर बारा-बारा तास उभे असतात. मीटरवर मजुरी. वीज गेली, सूत महागले, माग थांबला की मजुरीही थांबली. काही वर्षांपूर्वी आम्ही सातवीला ‘माझे घर’ हा विषय चित्राला दिला. सगळ्या वर्गाने दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि कौलारू घर काढले. ज्यांनी नदीकाठचे घर जन्मात पाहिले नाही त्यांनीही तेच काढले. एकीने मात्र वेगळे काढले. एकच खोली. भरदिवसा झोपलेला बाप, कारण त्याची रातपाळी. त्याच्या केसांत कापसाचे पुंजके. त्याची झोप मोडू नये म्हणून दाराबाहेर बसून अभ्यास करणारी तीन भावंडे.

आम्ही काय केले? बी.एड.च्या वर्गात मुलाच्या अभिव्यक्तीवर पानेच्या पाने लिहिलेल्या आम्ही तिला म्हटले, ‘बेटा, हे कशाला? काहीतरी छान काढ. बाग काढ.’ तिने निमूटपणे खोडरबर घेतले आणि बापाला खोडले. दिवसाला बारा तास राबणाऱ्या माणसाला झोपायला वेगळा कोपरा का नाही, असे त्या मुलीने विचारले होते. आम्ही उत्तर खोडरबराने दिले. कलकत्त्याच्या सरकारने आगीने जे केले तेच आम्ही केले, फक्त मायेच्या आवाजात.

यावर तीन आक्षेप येतील, ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला, तसवीर काढणे धर्माला मान्य नाही. आम्ही मुफ्ती नाही. या विषयावर उलेमांत मतभेद आहेत आणि ते आम्ही सोडवू शकत नाही. पण ईदच्या मुबारकबादीचे वीस फुटी चेहरे चौकाचौकात लागतात तेव्हा हा आक्षेप कुठे जातो? बलवानाच्या चेहऱ्याला परवानगी आणि मजुराच्या चेहऱ्याला मनाई, ही कुठली शरियत?

दुसरा, पोटाला नाही तिथे चित्रकला कसली? याचे उत्तर झैनुलच्या त्या बांधणीच्या कागदाने दिले आहे. आणि तसेही चित्रकलेचा तास आम्ही गणिताला कधी दिला, हे कोणाला आठवत नाही. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर मात्र चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची आठवण होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असे लिहिले आहे. आपल्या शाळेत तो आहे काय, हे किती पालकांनी विचारले? किती शिक्षकांनी विचारले?

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: कौमची बदनामी होईल. आमची स्थिती सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांत मांडली, तेव्हा ते तक्ते आम्हीच भाषणांतून मिरवले. आकडा चालतो, कारण आकड्याला चेहरा नसतो. चेहरा दिसला की विचारावे लागते, ही मजुरी कोणी ठरवली? हा माग कोणाचा? कधी कधी तो माग आपल्याच जमातीच्या इज्जतदार माणसाचा निघतो, पिशव्या वाटणाऱ्याचाच निघतो. खरी भीती त्याची आहे. बदनामी गरिबीने होत नाही, गरिबी लपवून तिच्यावर मोठेपणा मिळवल्याने होते.

चित्राने पोट भरत नाही, हे आम्ही कबूल करतो. झैनुलच्या चित्रांनी मेलेला एकही माणूस परत आला नाही. पण ते मेले ते नशिबाने नव्हे, याची गवाही ८० वर्षांनंतरही उभी आहे. तो स्वतः १९४७ मध्ये ढाक्याला गेला, १९४८ मध्ये तिथे कलासंस्था उभी केली. १९७० च्या चक्रीवादळात मनपुरा बेटावर प्रेतांचे ढीग पडले तेव्हा पन्नाशी उलटलेल्या त्या मास्तराने पुन्हा ब्रश घेतला आणि ३० फूट लांबीचा पट काढला.

आम्हीही मास्तरच आहोत. आमच्याकडून फार मोठे काही होणार नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या मुलीने रातपाळीचा बाप काढला तर तिला बाग काढायला सांगायचे नाही, तो कागद पालकसभेच्या दिवशी दर्शनी भिंतीवर लावायचा, एवढे तरी आमच्या हातात आहे. साहेबांनाही त्या सभेला बोलवावे. या वेळी फोटोच्या मधोमध तो झोपलेला मजूर असेल. कडेला कोणी उभे राहायचे, ते त्यांनी ठरवावे.