रांग सोडून पाहिलेले तंजावर

आमच्या शाळेची सहल कशी असते हे कॅडेट वाचकांना सांगायला नको. पहाटे फॉल-इन, मोजणी, बस, स्थळ, शिट्टी, पुन्हा मोजणी. यंदा तंजावरला पहिल्याच दिवशी बृहदीश्वराचे मोठे देऊळ, राजवाडा, दरबार आणि सरस्वती महाल ग्रंथालय हे सारे आम्ही दुपारच्या जेवणापर्यंत ‘उरकले’. रात्री रोजनिशी लिहायला बसलो आणि पाच ओळींत माझा दिवस संपला. त्यातल्या दोन ओळी फलकावरून उतरवलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बस बिघडली. सरांनी नाइलाजाने हुकूम दिला: बडीबरोबर जोडीने राहायचे, देऊळ, शिवगंगा बाग आणि राजवाडा सोडून कुठे जायचे नाही, बारा आणि पाच वाजता हजेरी द्यायची. बाकीचा वेळ तुमचा. त्या दिवसामुळे माझे ठाम मत झाले आहे की आपल्या प्रत्येक सहलीत असा एक दिवस ठरवून ठेवला पाहिजे.

शिवगंगा बाग मोठ्या देवळाला लागूनच आहे. 1871-72 च्या सुमारास नगरपालिकेने ती लोकांसाठी तयार केली. पहिला तासभर आम्ही झाडाखाली बसून चक्क कंटाळलो. मग कंटाळ्यातूनच प्रश्न सुचला: एवढ्या उन्हाच्या गावात या तळ्याला पाणी येते कुठून? माळीकाकांना हिंदी येत नव्हते, आम्हाला तमिळ. त्यांनी हात वर करून पाऊस दाखवला आणि मग देवळाकडे बोट केले. दुपारी राजवाड्यात भेटलेल्या एका मार्गदर्शकांनी ते उलगडून सांगितले. देवळाच्या आवारात पडणारे पावसाचे पाणी शिवगंगा तळ्यात उतरायचे आणि तिथून जमिनीखालच्या नाल्याने शहरातल्या अय्यनकुळम् तळ्याकडे जायचे. गड पाहताना आपण आधी पाण्याची टाकी शोधतो. इथे मात्र तासभर तळ्याकाठी बसूनही आम्हाला ती फक्त शोभेची बाग वाटली होती.

बागेतच 1779 साली बांधलेले श्वार्ट्झ चर्च आहे. आत एक संगमरवरी शिल्प आहे: मरणासन्न श्वार्ट्झ धर्मगुरूंचा हात एका तरुण राजाने हातात घेतला आहे. हे राजे म्हणजे सरफोजी दुसरे, व्यंकोजीराजांच्या गादीवरचे भोसले. गुरूची आठवण म्हणून त्यांनीच हे शिल्प फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले.

त्यांचे नाव वाचल्यावर आम्ही पुन्हा देवळात गेलो आणि प्राकाराच्या भिंतीलगत सावकाश चालू लागलो. नैऋत्येकडच्या भिंतीवर अक्षरे दिसली. मी सवयीने तमिळ समजून पुढे निघालो होतो. बडीने बाही ओढली. अक्षरे देवनागरी होती आणि भाषा मराठी. सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला आहे. सगळे लागले नाही, पण एकेक शब्द सुटत गेला तसा अंगावर काटा आला. आदल्या दिवशी याच भिंतीजवळून मी ताठ मानेने, कदम मिलाके गेलो होतो. रांगेतल्याला पुढच्याची मानगूट तेवढी दिसते.

राजवाड्यात सरस्वती महालाच्या दालनातही तेच झाले. पहिल्या दिवशी तिथे आम्हाला दहा मिनिटे मिळाली होती. या वेळी सरफोजीराजांनी काढून घेतलेल्या झाडापानांच्या एका चित्रासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. पानाची शीर न् शीर त्यात आहे. ते चित्र काढणाराही त्या झाडापुढे घाईने उभा राहिला नसणार.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहे. इतक्या लांब जाऊन एकाच जागी दिवस घालवायचा, तर बाकीची ठिकाणे बुडतात. मोकळीक दिली की मुले मोबाइल आणि आइस्क्रीममध्ये रमतात. खोटे कशाला बोलू, आइस्क्रीम आम्हीही दोनदा खाल्ले. पण बारा आणि पाच, दोन्ही वेळा सगळे कॅडेट वेळेवर हजर होते. शिस्त म्हणजे शिट्टी वाजल्यावर उभे राहणे एवढेच असेल, तर शिट्टी नसताना आम्ही कसे वागतो याची परीक्षा कधी होणार?

टेहळणीच्या तासाला आम्हाला शिकवतात की आधी थांबा, मग पाहा, मग नोंद करा. सहलीत मात्र आम्ही थांबतच नाही. उद्या यातले काही जण अधिकारी होतील आणि परक्या मुलखात तैनात होतील. तिथली माणसे, पाणी आणि भिंतीवरची अक्षरे न वाचता पुढे जाणे तेव्हा महागात पडेल.

म्हणून सहल समितीला नम्र विनंती आहे: पाच दिवसांची सहल असेल, तर चार दिवस रांगेचे ठेवा. एक दिवस एकच जागा, जोडीने फिरणे, दोन वेळा हजेरी आणि रात्री प्रत्येक जोडीने स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवर अर्धे पान लिहिणे. त्यासाठी बस बिघडायची वाट पाहावी लागू नये.