बोलावणे आणि बोलणे

‘पालक शाळेकडे फिरकतच नाहीत,’ ही तक्रार आमच्या वसईतील कोणत्याही माध्यमिक शाळेच्या कार्यालयात घटकाभर बसले तरी कानांवर पडते. मुख्याध्यापक ती करतात, वर्गशिक्षक करतात, आणि व्यवस्थापक म्हणून खुर्चीत बसलेले आमचे काही धर्मगुरू-बंधूही तिला मान डोलावतात. पालकसभेसाठी सभागृहात खुर्च्या मांडाव्यात, निम्म्याहून अधिक रिकाम्या राहाव्यात, आणि सभा संपल्यावर चहा पिता पिता निष्कर्ष निघावा की पालकांना आपल्या मुलांची पर्वा उरलेली नाही. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. ज्या आईबापांनी वाडीचा तुकडा विकून, अंगावरचे किडूकमिडूक गहाण टाकून मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्यांच्यावर बेपर्वाईचा आरोप करण्यापूर्वी शाळेने स्वतःच्या निमंत्रणपत्रिकेकडे एकदा डोळे उघडून पाहावे.

ती पत्रिका बहुधा अशी असते : अमुक तारीख, बुधवार, सकाळी दहा वाजता. आता बुधवारी सकाळी दहा वाजता आमचा धर्मग्रामस्थ कोठे असतो? कारकून असेल तर विरार लोकलमधून चर्चगेटला उतरून कधीच टेबलाशी बसलेला असतो. मोगऱ्याची आणि भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला गेलेली आई अजून परतलेली नसते. अर्नाळ्याची, पाचूबंदरची कोळीण बाजारात पाटी मांडून बसलेली असते. रोजावर जाणाऱ्या गवंड्याने सभेला यायचे तर दिवसाची मजुरी बुडवायची. आणि एवढे करून जो येतो, त्याला पहिला पाऊण तास प्रार्थना, स्वागत, पुष्पगुच्छ आणि शिस्तीवरील भाषण ऐकावे लागते. त्यानंतर वर्गात रांग. रांगेच्या टोकाला शिक्षिकेसमोर उभे राहिल्यावर, मागे शेजारपाजारची माणसे उभी असताना, दोन मिनिटांत ऐकावयाचे काय? ‘तुमचा मुलगा लक्ष देत नाही.’ माणूस खाली मान घालून सही करतो आणि निघतो. पुढच्या खेपेस तो आला नाही, तर नवल कसले?

याला बोलावणे म्हणतात, बोलणे नव्हे. आमच्या शाळा बोलावण्यात तरबेज आहेत. फी थकली की बोलावणे, केस वाढले की बोलावणे, मारामारी झाली की बोलावणे. ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ ही आमच्या शिक्षणपरंपरेतील बहुधा सर्वांत जुनी शिक्षा असावी. बाप हा शिक्षेचे साधन झाला की तो शिक्षणातला भागीदार कसा होणार? मुलाने चांगला निबंध लिहिला, वर्गातल्या लंगड्या मित्राचे दप्तर वर्षभर उचलले, म्हणून कोणा आईला शाळेत बोलावल्याचे आमच्या ऐकिवात फारसे नाही.

भाषेचा प्रश्न तर याहूनही नाजूक. गेल्या काही दशकांत आमच्या घराघरांतील मुले मराठी माध्यमातून उठून इंग्रजी माध्यमात जाऊन बसली. ते योग्य झाले की अयोग्य, हा वाद येथे नको. त्यावर या पृष्ठांवर पुष्कळ शाई सांडली आहे. पण त्याबरोबर शाळेची सूचनाही इंग्रजीत गेली, हे कोणी ध्यानात घेतले? घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी, सातवी-आठवीपर्यंत मराठीतून शिकलेली आई मुलाच्या डायरीतील चार इंग्रजी ओळींकडे पाहते आणि अर्थ विचारते कोणाला? त्याच मुलाला! ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच दुभाषा. ‘काही नाही गं, सहलीचे लिहिले आहे,’ असे म्हणून तो सही घेतो, आणि शाळेच्या दप्तरी ‘पालकांस कळविले’ अशी नोंद होते.

यावर एका शाळेत आम्हाला उत्तर मिळाले होते की, ‘इंग्रजी माध्यम त्यांनीच निवडले ना?’ होय, निवडले; पण मुलासाठी, स्वतःसाठी नव्हे. डॉक्टरांचे औषध इंग्रजी नावाचे असते, म्हणून ते दिवसातून किती वेळा घ्यावयाचे हे रोग्याला त्याच्या भाषेत सांगू नये काय?

पण हे सारे किरकोळ वाटावे असे एक ठिकाण आहे : नववीची इयत्ता. शाळा आणि घर यांच्यातील मौनाची खरी किंमत तेथे वसूल होते, आणि ती मुलाकडून होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करावयाचे नाही असे ठरले. हेतू चांगला होता. कोवळ्या वयात नापासाचा शिक्का कशासाठी? पुढे २०१९ मध्ये केंद्राने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये आमच्या राज्याने पाचवी व आठवीच्या वर्षाअखेरीस पुन्हा परीक्षेचा नियम आणला. परंतु मधल्या साऱ्या वर्षांत घरी गेले ते प्रगतिपुस्तक, आणि त्यातली अक्षरे : ब-१, ब-२, क-१, क-२. क-२ म्हणजे शंभरात एक्केचाळीस ते पन्नास, हे किती आईबापांना कोणी उलगडून सांगितले? शिवाय त्या पुस्तकात वर्णनात्मक नोंदी असतात : ‘गृहपाठ वेळेवर करतो’, ‘इतरांना मदत करतो’, ‘नीटनेटका राहतो’. अशा नोंदींच्या तयार याद्या बाजारात मिळतात आणि कित्येक ठिकाणी त्यांतूनच त्या उतरवल्या जातात, हे शिक्षकांना ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे. फक्त घरच्यांना ठाऊक नसते. ते ती नोंद वाचून संतोष पावतात. मुलगा नीटनेटका राहतो!

मग नववी उजाडते. बीजगणित, भूमिती, विज्ञान. ज्याला पाचवीतला अपूर्णांक कळला नव्हता, त्याच्यासमोर वर्गसमीकरणाच्या दारापर्यंत नेणारी वाट उभी राहते. पहिली घटक चाचणी पावसाळ्यातच होते. वीसपैकी तीन गुण. शिक्षकाला तेव्हाच सर्व काही समजलेले असते. ते समजायला अनुभवी शिक्षकाला एक उत्तरपत्रिका पुरते. सहामाही होते, दिवाळी होते, नाताळ होतो. घरी काही निश्चित शब्द जात नाही. गेला तर ‘अभ्यास वाढवावा’ एवढाच. अभ्यास वाढवावा! कशाचा? अपूर्णांकाचा की समीकरणाचा? शिकवणी लावावी की आठवीचे पुस्तक पुन्हा काढावे? मुलाला फळ्यावरचे दिसत नाही की कळत नाही? या प्रश्नांचे उत्तर ज्याच्यापाशी आहे तो बोलत नाही, आणि ज्याला हवे आहे त्याला प्रश्नच ठाऊक नसतो.

आणि एप्रिल-मे महिन्यात निकाल लागतो : नापास.

त्या दिवशी मात्र बोलावणे येते. बंद दाराआड फार सौजन्याने सांगितले जाते की, मुलाला येथे दहावी झेपणार नाही. दाखला घेऊन दुसरी शाळा पाहावी, किंवा बाहेरून १७ नंबरचा अर्ज भरावा. सौजन्यामागचे कारण शाळेच्या फाटकावर लटकलेले असते. जूनमध्ये लागणाऱ्या त्या फलकावर गुणवंतांची छायाचित्रे असतात आणि वर मोठ्या अक्षरांत ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. जी मुले दहावीपर्यंत पोहोचूच दिली नाहीत, त्यांचे छायाचित्र कोणत्या फलकावर लावावयाचे? सर्वच शाळा असे करतात असे आम्ही म्हणत नाही. दुबळ्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून, एक पैसा न घेता शिकविणारे शिक्षक आणि धर्मभगिनी आम्ही पाहिल्या आहेत. पण करणाऱ्या शाळा आहेत, त्यांत आपल्याही आहेत, आणि घरोघरी आशीर्वादाला गेल्यावर दाराआडून डोकावणारा पंधरा-सोळा वर्षांचा, कोठेच न जाणारा मुलगा आम्हाला दिसतो. आई हळूच सांगते, ‘फादर, आम्हाला आधी कोणी सांगितलेच नाही.’

ऑगस्टमध्ये सांगितले असते तर? अपूर्णांक शिकायला कोणाला आठ महिने लागत नाहीत.

आता म्हणाल, हल्ली सगळे मोबाइलवर कळते. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअॅप गट आहे, क्षणार्धात निरोप पोहोचतो. पोहोचतो खरा, पण त्या गटांपैकी पुष्कळांत केवळ शाळाच लिहू शकते, पालकांस उत्तर देण्याची सोय बंद ठेवलेली असते. व्यासपीठ आहे, ध्वनिक्षेपक आहे, फक्त श्रोत्यांच्या तोंडाला कुलूप आहे. त्याचेही कारण आम्ही जाणतो. गट उघडा ठेवला की कोणी सुप्रभाताची फुले पाठवितो, कोणी शिक्षिकेचा जाहीर पाणउतारा करतो. मान्य. पण म्हणून दुसरे दारच ठेवू नये काय? शिवाय शाळेच्या नोंदवहीत क्रमांक असतो वडिलांचा. वडील बोटीवर, निरोप हिंदी महासागरात, आणि आई इकडे निर्मळला गॅसपाशी! पूर्वेकडील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कामाला जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांपाशी तर कित्येकदा क्रमांकही टिकत नाही. तेथे माणसानेच जावे लागते.

शिक्षकांवरील ओझ्याकडे आम्ही डोळेझाक करीत नाही. एकेका वर्गात साठ-साठ मुले, निवडणुकीची कामे, शासनाच्या संकेतस्थळांवर न संपणारी माहिती भरणे, आणि रिक्त जागांवर वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणारे तरुण. त्यांनी साठ घरांशी कसे बोलावे? साठ घरांशी बोलू नये. ज्या आठ-दहा मुलांचे पाऊल घसरते आहे, त्यांच्या घरांशी बोलावे. शाळेला एवढाही वेळ नाही, असे ज्या व्यवस्थापनाला वाटते त्याने वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तालमींचे तास मोजून पाहावेत.

आपल्या शाळांना तर हा विषय ऐच्छिक नाहीच. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मधील ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईबापांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ७९६ वे कलम त्याहून स्पष्ट आहे. शिक्षकांनी पालकांशी निकट सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे मनापासून ऐकून घ्यावे, आणि पालकांच्या संघटना व सभा स्थापून त्यांना मान द्यावा, असे ते सांगते. ऐकून घ्यावे! ऐकवावे, असे तेथे म्हटलेले नाही. सेमिनरीत हे कलम आम्ही सर्वांनीच अभ्यासले आहे.

राज्याचा कायदाही आहे. शुल्कनियमनाच्या २०११ च्या अधिनियमाने खासगी शाळांत वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापावयाचा आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक त्याचा सभासद असतो. तो कायदा मूलतः फीसाठी झाला, म्हणून संघांच्या बैठकांतही रुपयांखेरीज फारसे काही निघत नाही; आणि पुष्कळ ठिकाणी कार्यकारिणीत तीच ती चार प्रतिष्ठित नावे दिसतात. भाजीवाली तेथे दिसत नाही.

ऐकले न जाण्याचा शेवट कोठे होतो, हे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दाखविले. तेथील गुन्हा भयानक होता, त्याची तुलना येथील कशाशीही नाही. पण हजारो माणसे लोहमार्गावर उतरली ती केवळ गुन्ह्यामुळे नव्हे. शाळेने आणि पोलिसांनी पीडित मुलींच्या घरच्यांचे वेळीच ऐकले नाही, हा संतापही त्यांत होता.

पालकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. मुलाचे गुण कमी आले की शिक्षकाच्या अंगावर धावून जाणारा, पण मुलगा कोणत्या तुकडीत आहे हे विचारल्यावर बायकोच्या तोंडाकडे पाहणारा बाप आमच्या परिचयाचा आहे. लग्नाच्या हळदीला दोन दिवस रजा निघते, मुलाच्या वर्गशिक्षकासाठी अर्धा दिवस निघत नाही. प्रगतिपुस्तकावर मोठ्या बहिणीने केलेली सही तर गावोगाव खपते.

तरीही पहिले पाऊल शाळेनेच टाकले पाहिजे, कारण फाटक तिचे आहे. सभा रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ठेवावी. चर्च आणि शाळा एकाच आवारात असताना बुधवारचा हट्ट कशाला? सूचना मराठीत जावी, मग माध्यम कोणतेही असो. आईचा क्रमांक नोंदवहीत असावा. व्यवस्थापक फादरांनी भाषण करू नये, मागच्या बाकावर बसावे. आणि नववीच्या पहिल्या चाचणीनंतर ज्यांचे गणित कच्चे आहे त्यांच्या घरी शिक्षकाच्या हातची चिठ्ठी जावी : मुलाला नेमके काय येत नाही, शाळा त्यासाठी काय करणार, घरी काय करता येईल. तीन ओळी पुरेत.

येत्या जूनच्या मध्यास शाळा उघडतील. कायद्याचे तीस दिवस जुलैच्या मध्यास संपतात. वाचकहो, त्या सुमारास मिस्साहून परतताना शाळेच्या सूचनाफलकापाशी क्षणभर थांबा आणि पहिली पालकसभा कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या भाषेत जाहीर झाली आहे, ते वाचा. गैरसोयीची असेल तर चार घरे मिळून कार्यालयात जा आणि तसे लिहून द्या. मराठीतच लिहा.