येळवसची भज्जी आणि बाजारची पिशवी



परवा येळवस झाली. लांबच्या मित्रांसाठी सांगतो, आमच्या लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस आणि रानं भरलेली. कडब्याची कोप करायची, पूजा करायची आणि रानातच पंगत बसवायची. भज्जी, आंबील, उंडे, भाकरी, गव्हाची खीर. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हात धरून जेवायला बसवतात.

यंदा जेवताना माझ्या पुतण्यानं सहज विचारलं, "काका, भज्जीत काय काय असतं?" मी मोजायला लागलो. हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वाल, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, गाजर, वांगी, कांद्याची पात, हिरवी मिरची, चिंच आणि बेसन. तेरा जिन्नस झाले. पोरगं म्हणालं, "मग हे सगळं आपल्याच रानातलं ना?"

इथं माझा घास अडकला. तेरापैकी तीनच आपले होते. हरभरा, तूर आणि बांधावरच्या झाडाची चिंच. बाकी दहा जिन्नस आदल्या आठवडी बाजारातून पिशवीत आले होते. बेसनसुद्धा पुडीतलं. हरभरा आपण पिकवायचा, पोत्यानं विकायचा आणि बेसन पुडीनं आणायचं. कोपीचा कडबासुद्धा शेजाऱ्याकडून मागून आणलेला, कारण ज्वारी पेरून आम्हाला तीन वर्षं झाली.

येळवस म्हणजे रानानं दिलेलं रानातच बसून खायचा सण. तो आम्ही बाजारातून आणून रानात खाल्ला. हे डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आईचा ओटा

दुसरी गोष्ट श्रावणातली आहे. ती सांगायला मला जरा लाज वाटते, पण सांगतो.

सोयाबीनच्या बांधावर गवत फार झालं होतं. मजूर मिळेना, म्हणून संध्याकाळी पंप पाठीवर घेऊन मी बांध फवारून टाकला. घरी कुणाला बोललो नाही. बोलायचं काय त्यात, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर आई ओसरीवर तांदुळजा निवडत बसलेली. पदराच्या ओट्यात भरून आणला होता. कोवळा, हिरवागार. मी विचारलं, "कुठला गं?" तर म्हणाली, "आपल्याच बांधाचा. पावसानं लई छान आलाय."

तणनाशक मारल्यावर झाड लगेच पिवळं पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बांधावर मारतो त्या औषधांत चार-पाच दिवस पानं तशीच टवटवीत दिसतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी ओरडलोच. भाजी उकिरड्यावरसुद्धा टाकली नाही, खड्डा करून पुरली. आईला हात साबणानं धुवायला लावले.

आई चिडली नाही. हात पुसत एवढंच म्हणाली, "आता आपल्या रानात खायचं काय अन् खायचं नाही काय, तेवढं सांगून ठेव बाबा."

सत्तरी ओलांडलेली बाई. आयुष्यभर त्याच बांधावरून घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू, तरोटा खुडून तिनं आम्हाला वाढवलं. पाऊस पडला की बाजार न करता दोन महिने घर चालायचं. आज त्याच बांधाला हात लावायच्या आधी तिला पोराला विचारावं लागतं. हे तणनाशकानं केलं नाही. हे मी केलं, न सांगता फवारून.

हिशोब

भावनेचं बाजूला ठेवू, हिशोबाचं बोलू. आमच्या घरात खाणारी माणसं सहा. आठवड्याचा भाजीचा बाजार साधारण ३५० रुपयांचा. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १८,२०० रुपये. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण माझं गेलं ४,१०० नं. म्हणजे जवळजवळ साडेचार क्विंटल सोयाबीन फक्त भाजीच्या पिशवीत जातं. तेल, डाळ, बेसन, तिखट यात धरलेलंच नाही.

आणि एवढे पैसे घालून आम्ही पोटभर भाजी खातो का? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात माणसी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. सहा जणांना रोज २ किलो ४०० ग्रॅम, आठवड्याला जवळपास १७ किलो. आमच्या पिशवीत बटाटे-कांदे धरून आठ किलोच्या वर काही येत नाही. पालेभाजी तर पहिले दोन दिवसच. मग पुढं बटाटा, बेसन, शेंगदाण्याची चटणी आणि पुन्हा बटाटा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्त कमी असल्याचं आढळलं. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. रक्त कमी असायला कारणं बरीच असतात, नुसत्या पालेभाजीनं सगळं भरून निघेल असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याच्या घरात पानात हिरवं दिसू नये, याला काय म्हणायचं?

पूर्वी काय वेगळं होतं

पूर्वी लई सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. दुष्काळ होते, उपासमार होती, सुकडी खाल्लेली माणसं अजून गावात आहेत. पण पेरणीची एक रीत होती. तिच्यात घरच्या खाण्याची सोय आपोआप व्हायची, वेगळी भाजी लावावी लागत नव्हती.

खरीपात कडेला अंबाडी असायची. कोवळी असताना तिची भाजी. पाला उकडून आंबट पाणी काढायचं, ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून घोटायची आणि वरून लसणाची फोडणी. रब्बी ज्वारीच्या कडेनं करडई असायची. काटेरी असल्यामुळं जनावर आत शिरत नव्हतं आणि विरळणी करताना निघालेल्या कोवळ्या रोपांची मुगाची डाळ घालून भाजी व्हायची. कुंपणही तेच, तेलही तेच, भाजीही तीच.

हरभऱ्याचं तर विचारू नका. पेरल्यावर महिना-सव्वा महिन्यानं शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात, हे कृषीचे साहेबसुद्धा सांगतात. खुडलेला पाला म्हणजे भाजी. कोवळा असताना तिखट-मीठ, तेल, कांदा घालून कच्चाच खायचा. उरलेला सावलीत वाळवून ठेवायचा, म्हणजे चैत्र-वैशाखात रानात काही नसताना लसूण घालून खायला होतो. आता आम्ही शेंडे खुडत नाही, कारण मजूर महाग. आणि आधीच अळीचं औषध मारलेलं असतं, त्यामुळं खुडले तरी खायची सोय नाही.

एक गंमत सांगतो. सोयाबीनमधल्या तणनाशकाला केना फारसा दाद देत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. सगळं मरतं, केना राहतो. केन्याच्या पानांची भजी छान होतात. म्हणजे खायचं म्हणून रानात एकच राहिलं, आणि तेही फवारलेलं.

कारभारणीचं म्हणणं

हे सगळं मी येळवसच्या रात्री घरी बोललो. पुढच्या वर्षी सगळं घरचंच पिकवू म्हणालो. कारभारीण शांतपणे म्हणाली, "अहो, पिकवाल हो तुम्ही. पण खुडायचं कुणी, निवडायचं कुणी? तांदुळजा निवडायला तास जातो. मी निंदायला जाऊ, जनावरांचं बघू का भाजी निवडत बसू? बाजारातला फ्लॉवर दहा मिनिटात चिरून होतो."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपण पुरुष माणसं परसबागेवर, रानभाज्यांवर लई गोड बोलतो आणि काम मात्र बायकांच्या गळ्यात पडतं. आईच्या हातची चव आठवते, पण त्या चवीपायी आई किती वाजता उठायची ते आठवत नाही. म्हणून माझं पहिलं मत हेच. घरची भाजी पाहिजे असेल तर ती पेरणं, पाणी देणं, खुडणं आणि निवडणं यात पुरुषानं हात घातला पाहिजे. नाहीतर बाजारची पिशवी बरी. संध्याकाळी मोबाईल बघत बसतो त्या वेळात एक जुडी मेथी आरामात निवडून होते. आठ दिवस झाले, मी करतोय. पहिल्या दिवशी गावातली पोरं हसली. हसू द्या.

मी काय करणार आहे

सगळी शेती बदला असं मी कुणाला सांगणार नाही. सोयाबीन मीही सोडू शकत नाही, कर्ज त्याच्यावरच फिटतं. तणनाशकही पूर्ण बंद करता येणार नाही, निंदणीचा खर्च झेपत नाही. पण एवढं ठरवलंय:

१. विहिरीजवळचा एक गुंठा घराचा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, जास्त नाही. त्यात फवारा जाणार नाही. सगळं एकदम पेरायचं नाही, दर पंधरा दिवसाला एक वाफा. मेथी आणि पालक महिन्याभरात येतात, शेपू आणि कोथिंबिरीला थोडं जास्त लागतं. एकदम पेरलं की एकदम येतं, निम्मं फुलावर जातं आणि मग आपण म्हणतो परवडत नाही.

२. घराकडचा एक बांध आईचा. त्यावर तणनाशक नाही. गवत विळ्यानं कापायचं, म्हशीला होतं. शेजाऱ्यालाही सांगितलंय की वारा आमच्याकडं असताना त्या कडेनं पंप चालवू नको.

३. कुठंही फवारलं तर त्याच दिवशी घरात सांगायचं आणि बांधावर फांदीला लाल फडकं बांधायचं. औषधाच्या डब्यावर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते वाचायचं आणि तेवढे दिवस फडकं राहू द्यायचं. तणनाशकाच्या बांधाचं फडकं त्या हंगामात काढायचंच नाही. याला एक रुपया खर्च नाही. हे तर सगळ्यांनी आजच करावं.

४. पुढच्या रब्बीत अर्धा एकर ज्वारी, कडेनं करडई. हुरडा, कडबा, भाकरी आणि कोपही आपली. हरभऱ्याच्या चार ओळी घरासाठी, शेंडे खुडून झाल्याशिवाय त्यांना फवारा नाही.

५. मोरीच्या पाण्यावर दोडका, कारलं, भोपळा. एक शेवगा आणि एक कढीपत्ता दाराशी लावला की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही.

अडचणी येणार, हे कळतं. रानडुकरं आहेत, माकडं आहेत, एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी नसतं. उन्हाळ्यात वाळवलेली भाजी आणि कडधान्य, नाही भागलं तर बाजार. वर्षातले सात-आठ महिने जरी निम्मी पिशवी वाचली तरी सहा हजार रुपये घरात राहतात.

साहेब लोकांना एक विनंती

या पानावर कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले बरेच जण वाचतात, म्हणून लिहितो. ऑगस्टमध्ये तुमचा रानभाजी महोत्सव असतो. चांगला असतो, मीही जाऊन आलो. पण तिथं टेबलावर मांडलेली भाजी आणि तणनियंत्रणाच्या शिफारशीत "रुंद पानाची तणं" म्हणून मारायला सांगितलेली भाजी कधी कधी एकच असते. घोळ आणि तांदुळजा दोन्ही यादीत आहेत. तुमची शिफारस चुकीची आहे असं नाही. पण एकरी उत्पादनाच्या तक्त्यात एक ओळ अशीही असू द्या, की या रानातून घराला खायला काय मिळालं. पीक प्रात्यक्षिकात चार ओळी घरच्या खाण्यासाठी कशा ठेवायच्या, कुठलं औषध टाळायचं, हेही दाखवा. शेतीशाळेत आम्हाला शेंगा मोजायला शिकवता, एकदा ताटातले जिन्नसही मोजायला लावा.

आणि शेतकरी भावांनो, तुमच्यासाठी एवढंच. आज रात्री जेवायला बसलात की ताटाकडं बघा. किती जिन्नस आहेत आणि त्यातले आपल्या रानातले किती, ते मोजा. आकडा लिहून ठेवा. माझा येळवसचा आकडा तेरात तीन. पुढच्या येळवसला तो निदान आठ करायचा आहे. झाला तर इथंच सांगेन, नाही झाला तरी सांगेन.

आईला काल त्या बांधावर नेऊन दाखवलं, म्हणलं हा तुझा, इथं कुणी फवारणार नाही. ती जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पाऊस पडू दे, मग बघू." फवाऱ्याचं ऐकून बसलेली आहे, लगेच विश्वास कसा ठेवील?

राम राम.