ओसरीवरून : डागडुजी कीं निरोप ?

पौषांतील एका पहाटे चार वाजतां मोहोळच्या अलीकडून पुतण्याचा फोन आला. "काका, गाडी पुन्हां बंद पडली. मागें डाळिंबाचे पन्नास क्रेट आहेत." दुसरी गाडी मिळून माल सोलापूरच्या बाजारांत पोंचेपर्यंत सौदे उरकले होते. मिळाला तो भाव घेऊन परतण्यावांचून इलाज नव्हता. सुमारें पंधरा हजारांचा फटका बसला.

त्या दिवशीं सायंकाळीं माढ्यांतील आमच्या ओसरीवर जी घरगुती सभा भरली तिचा वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवीत आहे. कारण हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नव्हे. ज्या ज्या घरीं एखादी जुनी गाडी, जुना पंप किंवा जुनें यंत्र आहे, तेथें तो केव्हां ना केव्हां उभा राहतोच.

ही मालवाहू पिकअप माझ्या थोरल्या बंधूंनीं २०११ सालीं घेतली. तिची पहिली फेरी माढेश्वरीच्या देवळापर्यंत झाली होती. बंधूंना जाऊन आतां कांहीं वर्षें लोटलीं. परंतु दर दसऱ्यास वहिनी स्वतः तिला झेंडूची माळ घालतात. सभेंत पुतण्याचें म्हणणें असें कीं, आतां नवी गाडी घ्यावी. वहिनींचें म्हणणें थोडक्यांत होतें : "भावोजी, त्यांनीं घेतलेली शेवटची वस्तु आहे ती. दुरुस्त होत असेल तर करा."

मी वहिनींच्या पक्षाचा होतों. पण ममतेमुळें नव्हे, काटकसरीमुळें. "मागच्याच वर्षीं क्लच प्लेट बदलली, पाटे नवे घातले, रेडिएटर बसविला. एवढें करून गाडी काढायची म्हणजे तो सारा पैसा पाण्यांत!" हाच युक्तिवाद मीं यापूर्वीं तीन वेळां केला होता आणि तिन्ही वेळां तो सर्वांस पटला होता.

या वेळीं सूनबाई आंत गेली आणि एक वही घेऊन आली. मीं इतकीं वर्षें वर्गांत नफातोटा शिकविला. घरच्या गाडीचा नफातोटा मात्र तिनें न सांगतां लिहून ठेविला होता. गेल्या बारा महिन्यांत दुरुस्तीस लागले ६४,००० रुपये. गाडी उभी राहिली ते दिवस ३१. त्यांपैकीं २२ दिवस माल नेणें भागच होतें, म्हणून भाड्याची गाडी करावी लागली. आपलें डिझेल वजा जातां प्रत्येक फेरीस दोन हजार जादा, म्हणजे ४४,०००. त्यांत त्या पहाटेचे १५,००० मिळविले म्हणजे बेरीज झाली १,२३,०००. आम्ही आजवर केवळ पहिल्या आंकड्यासच खर्च समजत होतों!

वही पाहतां माझ्या युक्तिवादांतील दोषहि ध्यानांत आला. पाट्यांना घातलेला पैसा गाडी ठेविली म्हणून परत येत नाहीं, आणि काढली म्हणूनहि येत नाहीं. झालेल्या खर्चाची हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. पण त्या हळहळीला पुढच्या निर्णयांत मत देण्याचा अधिकार नसावा. विचारावयाचें तें एवढेंच कीं, येथून पुढें या गाडींत घातलेला रुपया किती दिवस काम देईल ?

मग नव्या गाडीचा हिशेब मांडला. किंमत सुमारें साडेनऊ लाख. घरचे दोन लाख घालून उरलेल्या साडेसात लाखांचें पांच वर्षांचें कर्ज काढलें तर हप्ता दरमहा सोळा हजारांच्या घरांत, म्हणजे वर्षाला १,९२,०००. डाळिंबाला तेल्या लागतो, कर्जाच्या हप्त्याला कधीं लागत नाहीं! एखाद्या वर्षीं बाग हातची गेली तर हा हप्ता कोठून भरावा, याचें उत्तर पुतण्यापाशीं नव्हतें.

तिसरा मार्ग गाडीच न ठेवण्याचा. तोहि आम्हीं हिशेबांत घेतला. आम्हांस वर्षाकाठीं १४० फेऱ्या लागतात. फेरीमागें दोन हजार जादा धरले तर २,८०,००० होतात. तेव्हां आम्हांस गाडी हवीच. परंतु ज्यांच्या फेऱ्या पन्नास-साठांवर जात नाहींत, त्यांनीं भाड्याचीच गाडी करावी हें उत्तम. हप्ता, विमा आणि पासिंग यांची दगदग त्यांना आपोआप टळते.

आतां राहिला दुरुस्तीचा पक्ष. बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा असें इंजिनाचें पूर्ण काम करण्यास ८५,००० लागतील असा अंदाज मिळाला. साडेनऊ लाखांपुढें हा आंकडा इतका लहान दिसला कीं, मी पुन्हां मोहांत पडलों. त्यांतून मला सोडविलें तें खुद्द मिस्त्रीनें. "मास्तर, इंजिन मी करून देतों. पण आधीं वांकून खालीं बघा." मागच्या पाट्याच्या खुंटाजवळ चासीला तडा गेलेला होता, आणि शेजारींच जुन्या वेल्डिंगची खूण होती.

त्यानें समजावून सांगितलें तें वाचकांच्याहि उपयोगाचें आहे. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे, रिंगा झिजल्या असाव्यात. धूर सारखा पांढरा येऊन रेडिएटरमधलें पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. धूर काळा असेल तर डिझेल नीट जळत नाहीं. या सर्व दुखण्यांना औषध आहे. पण चासी म्हणजे गाडीचा कणा. ओझें वाहणाऱ्या गाडीचा कणाच एकदां सांधून पुन्हां तडकला असेल, तर त्यावर नवें इंजिन बसविणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. तोट्याची गोष्ट तर वेगळीच. भरल्या गाडींत तो जिवाचा प्रश्न आहे, आणि चाकामागें आमचाच मुलगा बसतो. शिवाय मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर दरवर्षीं पासिंग करावें लागतें, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या तपासणीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेंच वाढलेलें आहे. आमच्या गाडीचीं पंधरा वर्षें भरत आलीं होतीं.

आमच्याच तालुक्यांतील कुर्डुवाडीचें उदाहरण मला त्या वेळीं आठवलें. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग बार्शी ते कुर्डुवाडी असा १८९७ सालीं सुरू झाला. पुढें तो लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत वाढला. तिचीं इंजिनें आणि डबे कुर्डुवाडीच्या कारखान्यांत दुरुस्त होत. शंभर वर्षांहून अधिक काळ हा मार्ग चालला, त्यांत त्या कारागिरांच्या हातांचा वांटा मोठा. परंतु या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथील रूळ रुंद झाले, आणि मग जुना डबा कितीहि नीट दुरुस्त केलेला असला तरी त्याला जागा उरली नाहीं. गाडीचे अवयव बदलतां येतात. ती ज्याच्या आधारावर उभी आहे तोच सुटला म्हणजे डागडुजीचा उपाय संपतो.

वहिनींना सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. मिलिंदपञ्ह या पालि ग्रंथांत भदंत नागसेन राजाला विचारतात कीं, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? तोच प्रश्न मीं वहिनींपुढें ठेविला. "वहिनी, दादांनीं घेतल्यापासून टायर बदलले, पाटे बदलले, क्लच बदलला, बैठकसुद्धां बदलली. दादांचें म्हणून उरलें होतें तें चासी आणि इंजिन. तें इंजिन झिजलें आहे, आणि चासी तडकली आहे." वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आज ते असते तर या गाडीवर मुलाला पाठविलें नसतें."

शेवटीं आम्हीं मधला मार्ग धरला. पांच वर्षें वापरलेली, एकाच मालकाची पिकअप ४,८०,००० रुपयांस घेतली. घेण्यापूर्वीं मिस्त्रीनें तिची चासी खालून पाहिली, चासीचा क्रमांक नोंदणीच्या कागदांशीं ताडला, आणि आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री पुतण्यानें करून घेतली. घरचे दोन लाख घालून २,८०,००० चें तीन वर्षांचें कर्ज काढलें. हप्ता सुमारें ९,३०० रुपये, म्हणजे वर्षाला १,११,६००. दुरुस्तीस वीस हजार धरले तर बेरीज १,३१,६०० होते. जुन्या गाडीपेक्षां ही ८,६०० नें जास्तच आहे, आणि घरचे दोन लाख गुंतले तेहि खरें. तथापि हा हप्ता तीन वर्षांनीं संपेल. जुन्या गाडीचा खर्च मात्र वर्षागणिक वाढणाराच होता. शिवाय शेत गहाण ठेवावें लागलें नाहीं.

जुनी गाडी नोंदणीकृत मोड केंद्राकडे दिली आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतला. नुसती भंगारवाल्याला देऊन मोकळें होऊं नये. गाडी मोडली तरी कागदावर मालक आपणच राहतों, आणि तिच्या नांवानें पुढें कांहीं झालें तर चौकशी आपल्याच दारीं येते.

गाडी निघाली त्या सकाळीं वहिनींनीं काचेजवळची पितळेची लहान विठ्ठलमूर्ति सोडवून घेतली. संध्याकाळीं ती दुसऱ्या गाडींत बसविली, माळ घातली, आणि सूनबाईला म्हणाल्या, "वहीचें नवें पान आजच घाल. पहिला खर्च या माळेचा लिही."