कात टाकणारे पिल्लू

बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत उंदीर फार, त्यांच्यामागे धामणही येते. मग पोरे तिचे पिल्लू बरणीत घालून पाळू पाहतात. आम्ही त्यांच्यावर ओरडत नाही, साप समजावून सांगतो.

वाढते पिल्लू वर्षातून अनेकदा कात टाकते. आधी डोळे निळसर-धुरकट होतात, नीट दिसत नाही म्हणून ते चिडते. मग खडबडीत दगडाला तोंड घासून, पायमोजा काढावा तशी, कात उलटी सोडते. बरणीत ओल नाही, दगड नाही. कात डोळ्यावर नि शेपटीला अडकून राहते. वर दुधाची वाटी! दूध हे सापाचे अन्नच नव्हे.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण घरात ठेवणे गुन्हा आहे. गरिबाच्या पोराने पोलीस-कोर्टाचे हेलपाटे का घालावेत? मातांनो, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. साप पाहायचा तर कात्रजला १९८६ साली सुरू झालेले सर्पोद्यान आहे.

सुत्तनिपातातील उरगसुत्तात भिक्खूने राग-लोभ सापाच्या जुन्या कातीसारखे टाकावेत, असा दृष्टान्त आहे. १९५६ ला धम्म घेतला, तरी काही घरांत नागपंचमीची वाटी उरलीच. ती आपली जुनी कात. तीही टाकू या. जयभीम!