इतिहासाच्या बाई व्हायचंय, तर पहिला फॉर्म जपून भरा

जून महिना उजाडला की आमच्या विहाराच्या ओट्यावर रविवारी सकाळी सतरंजी पडते. बारावीचा निकाल लागलेली पोरं आणि त्यांचे आईबाप कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. आता फॉर्म मोबाईलवर भरायचा असतो हे खरे, पण कोणता फॉर्म भरायचा हे मोबाईल सांगत नाही. आम्ही पेशाने कारकून. फॉर्म वाचणे हेच आमचे रोजचे काम, म्हणून तेवढी सेवा आम्ही समाजाची करतो.

परवाच्या रविवारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील मार्केट यार्डात हमाल. मुलीला बारावी कला शाखेत बासष्ट टक्के. काय व्हायचंय, असे विचारताच ती म्हणाली, "इतिहासाच्या बाई." वडिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा हिला. मेलेल्या राजांच्या गोष्टी सांगून कुणाचं पोट भरलंय?"

मुलगी हट्टी नव्हती, पण घाबरटही नव्हती. तिने सांगितले की आठवीत सहल नाशिकच्या लेण्यांना गेली होती. बरोबरच्या मास्तरांनी सांगितले, इथे पांडव राहात होते. मग भिंतीवर हे कोरलेले काय, असे तिने विचारले. मास्तर म्हणाले, पुढे चल. ती पुढे गेली, पण प्रश्न तिथेच राहिला.

वाचकहो, त्या भिंतीवर काय कोरले आहे ते सांगतो. नाशिकच्या त्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांचे जुने नाव त्रिरश्मी. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने ते लेणे बौद्ध भिक्षूंच्या संघाला दान दिले, असे त्यात लिहिले आहे. ही गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचून दाखवली, तेव्हा अशोकाचे लेख बोलू लागले. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर होते, पण ते ठाऊक असलेला शिक्षक त्या दिवशी तिच्याबरोबर नव्हता. वर्गात पन्नास मुले धरली, तर पन्नास घरांत पांडव गेले आणि गौतमी बलश्री दारातच राहिली.

म्हणून आम्ही वडिलांना म्हणालो, "दादा, इतिहासाचा शिक्षक पोट भरतोच, पण तो पिढीच्या डोक्यात काय भरतो ते आधी बघा." बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोलंबिया विद्यापीठात त्यांनी इतिहासाचेही अकरा अभ्यासक्रम घेतले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या प्रश्नावर त्यांनी १९४६ साली ग्रंथ लिहिला, तो इतिहासाची साधने तपासूनच. पुरावा काय, तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारायला शिकणे म्हणजे इतिहास. सनावळ्या पाठ करणे ही त्यातली सर्वांत हलकी बाजू.

आता आमची एक चूक कबूल करतो. साधारण बारा वर्षांपूर्वी याच सतरंजीवर एक मुलगा आला होता. त्यालाही इतिहासच हवा होता. घराजवळच्या कॉलेजात इतिहासाच्या जागा भरल्या होत्या, लांबच्या कॉलेजला बसभाडे पडत होते. आम्ही मोठ्या थाटात सांगितले, "कुठलंही बी.ए. कर रे, पदवी ती पदवी. बी.एड.चं पुढे बघू." आम्ही स्वतः बी.कॉम., बी.एड.च्या वाटेला कधी गेलो नव्हतो, तरी सल्ला दिला. त्याने तत्त्वज्ञान घेतले. रात्री कामाला जायचा, दिवसा वर्गात डुलक्या घ्यायचा. पदवी मिळाली, पण टक्के पडले चव्वेचाळीस. बी.एड.ला मागासवर्गीयांसाठी किमान पंचेचाळीस लागतात. एका टक्क्याने दार बंद. आज तो कुरिअरच्या गोदामात पार्सले लावतो. चूक त्याची नव्हती, आमच्या अर्धवट माहितीची होती. म्हणून आज जे लिहितो ते नीट तपासून लिहितो.

पहिली गोष्ट पदवीच्या विषयाची. शाळेत नुसता 'इतिहास शिक्षक' क्वचितच असतो. पाचवीपासून दहावीपर्यंत इतिहास शिकवणाऱ्याला बहुधा नागरिकशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल किंवा एखादी भाषाही शिकवावी लागते. म्हणून बी.ए.ला मुख्य विषय इतिहास घ्यावा आणि जोडीला भूगोल, राज्यशास्त्र किंवा मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी शाळेत शिकवला जाणारा विषय घ्यावा. पदाच्या जाहिरातीत विषय लिहिलेला असतो आणि पदवीचा विषय तपासला जातो. ज्या विषयाचा शाळेत तास नाही, तो विषय ज्ञान देईल, पण शाळेतले पद मिळवून देणे अवघड.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या कॉलेजांत मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी मांडणी आली आहे. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथे वर्ष केले तर ऑनर्स मिळते. पहिल्या वर्षी खिडकीवरचा माणूस "अमुक विषय भरलाय, तमुक घ्या" म्हणतो आणि आपली पोरे मान हलवतात. मान हलवू नका. आम्हीही खिडकीच्या आतल्या बाजूचे, म्हणून सांगतो. आतल्या माणसाला रांग संपवायची घाई असते, तुमच्या आयुष्याची नव्हे. तिथे इतिहास मुख्य विषय मिळत नसेल, तर दुसरे कॉलेज बघा. बसभाडे महाग वाटते, पण त्या मुलाला पडलेल्या एका टक्क्यापेक्षा ते स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. बी.एड.ला पदवीत खुल्या वर्गाला पन्नास आणि मागासवर्गीयांना पंचेचाळीस टक्के लागतात. 'पास झालो म्हणजे झालं' ही समजूत सोडा. आणि पदवीत कमी पडले तर रडत बसू नका. नियम पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, दोन्ही धरतो. एम.ए.ला टक्के वर काढले तर दार पुन्हा उघडते. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते तर!

तिसरी गोष्ट वाटांची. बी.ए.नंतर सीईटी देऊन दोन वर्षांची बी.एड. ही मळलेली वाट. बारावीनंतर चार वर्षांत बी.ए. आणि बी.एड. एकत्र देणारा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत सुरू झाला. त्यात एक वर्ष वाचते, पण त्याची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि जागा थोड्या. तिसरी वाट बारावीनंतर दोन वर्षांच्या डी.एल.एड.ची, म्हणजे आपल्या जुन्या डी.एड.ची. तिने पहिली ते पाचवीचे वर्ग मिळतात. पुढे बी.ए. केले तर सहावी ते आठवीचेही. ज्या घरात लवकर पगार हवा आहे, तिथे ही वाट हलकी समजू नये. मात्र ध्यानात ठेवा, नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते स्पष्ट केले आहे. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला एम.ए. आणि बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायचे तर एम.ए. आणि नेट किंवा सेट, ती वाट निराळी.

इथे एक सावधगिरी. 'घरबसल्या बी.एड.' सांगणारे दलाल वस्तीत हिंडतात. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येते आणि ती पदवी खरी असते. कामावर जाणाऱ्यांनी ती जरूर करावी. पण दूरशिक्षणाची बी.एड. ही मुख्यतः सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. बारावी, बी.ए. झालेल्या कोऱ्या उमेदवाराला ती मिळत नाही. कुणी मिळवून देतो म्हणाला तर हातातले पैसे खिशात घाला.

चौथी गोष्ट परीक्षांची. पहिली ते आठवीला शिकवायचे तर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हावी लागते. राज्यात ती २०१३ पासून सुरू आहे. इतिहासवाल्याने दुसरा पेपर द्यायचा. एकूण १५० गुण, त्यांतले ६० सामाजिक शास्त्राचे. खुल्या वर्गाला साठ टक्के, आपल्याला पंचावन्न. एकदा पास झाले की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. पुढे भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर निवड होते. ही चाचणी २०१७ साली झाली, नंतर थेट २०२३ साली आणि मग २०२५ साली. मधली वर्षे मोजा. पाच वर्षांहून जास्त काळ पोरे अभ्यास करून बसली होती. हे लपवून कुणाला इतिहासाच्या वाटेला लावणे पाप ठरेल. म्हणून आम्ही सांगतो, वाट खरी आहे, पण लांब आहे. भरती लांबली तर दोन पैसे देणारे दुसरे काम हाताशी असू द्या आणि अभ्यास चालू ठेवा.

आणि 'डोनेशन'? भरती पोर्टलवर आली तरी काही जागा मुलाखतीने भरल्या जातात, आणि तिथे कुणी कानात आकडा सांगतो. आईचे डोरले मोडून, हातउसने काढून दिलेले पैसे परत आल्याचे आम्ही पाहिलेले नाही. ज्याने पैसे देऊन खडू घेतला, तो मुलांना महाडचा सत्याग्रह कोणत्या तोंडाने शिकवणार?

पाचवी गोष्ट कागदांची, आणि ही आईबापांनी नीट वाचावी. बी.एड.ला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातपडताळणी प्रमाणपत्र लागते. ते ऐनवेळी मिळत नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षीच त्या कामाला लागा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांची जन्मनोंद, गावच्या जुन्या नोंदी शोधा. गावी लग्नाला जाल तेव्हा शाळेतही एक चक्कर मारा. नाव, आडनाव, स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का बघा. बौद्ध झालो म्हणून सवलत गेली, असे अजून कुणी सांगते. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळाल्या आहेत.

पैशाचे म्हणाल तर पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी आधी वाचा. अर्ज भरला की पावती छापून ठेवा, खाते आधारला जोडलेले आहे ना ते बघा. शिष्यवृत्ती अडकते ती बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी.

एवढे सगळे आम्ही त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं बी.एड., आणि वर परीक्षा. सहा-सात वर्षं." आम्ही म्हणालो, हो. ते म्हणाले, "माझ्या पाठीवर पंचवीस वर्षं पोती आहेत साहेब. आणखी सात निघतील. पण नोकरीचं खात्रीनं सांगा." खात्री आम्हाला देता आली नाही. खोटी खात्री एकदा देऊन झाली होती.

तेव्हा सतरंजीच्या टोकाला बसलेला एक माणूस पुढे सरकला. तोच, चव्वेचाळीस टक्क्यांचा. रविवारी सुटी असली की तो आम्हाला मदत करायला येतो, आणि चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरांना इतिहास सांगतो, तो ऐकायला मोठी माणसेही थांबतात. तो मुलीला म्हणाला, "ताई, पहिल्या वर्षापासून मार्क लिहून ठेव. पंचेचाळीस नको, साठ धर." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "काका, मला नोकरी नाही लागली. पण हिला नेमकं काय करायचं ते आज कळलंय. मला ते कळलं नव्हतं."

वडिलांनी पिशवीतून मुलीचा दाखला काढून आमच्यापुढे ठेवला. इतिहास मुख्य, भूगोल दुय्यम, असा फॉर्म भरला. कॉलेज दोन बस बदलून जावे लागते तिथले.

सगळे गेल्यावर सतरंजी गुंडाळताना त्या मुलाने हळूच विचारले, "एम.ए.चं तुम्ही म्हणालात, ते माझ्या वयाला चालतं का?" आम्ही म्हणालो, चालतं. पुढच्या रविवारी तो स्वतःचे कागद घेऊन येणार आहे.